ढोलीतली इटालियन

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरची सकाळ एका ठरलेल्या क्रमाने उगवत असे. कलाबाई आधी गोठ्यातले शेण काढी, मग अंगणात सडा टाकी. केशोराव तोंडात कडुनिंबाची काडी धरून कालव्याच्या बाजूने आपल्या धानाच्या बांधीकडे, म्हणजे शेताकडे, निघत. चुलीवर चहा उकळू लागे. आणि घरात दोघांपैकी कुणी दिसेनासे झाले, की त्यांची मुलगी रंजिता स्टूल ओढत माझ्यापाशी येई, इकडेतिकडे पाही, ओढणी कमरेला खोची आणि माझ्या तोंडातून आत उतरे. थोड्याच वेळात माझ्या पोटातून आवाज निघे, "बुऑनजोर्नो, सिन्योरा! कोमे स्ता?"

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी ढोली आहे, म्हणजे धान साठवण्याची बांबूची उंच कणगी. 'नमस्कार बाई, कशा आहात?' असा त्या शब्दांचा अर्थ होतो, हे मला फार उशिरा कळले. माझ्या घराण्यात इटालियन जाणणारी मीच पहिली असावी.

मला गावातल्या सुकराम बुरुडाने विणले. ओल्या बांबूच्या पट्ट्या काढताना त्याचे हात यंत्रासारखे चालत. तोंड मात्र सतत कुणाची तरी थट्टा करीत असे. कलाबाईने मला माती-शेणाचा लेप दिला, तेव्हा ती या घरात नवी सून होती. त्यानंतर कितीतरी सुग्या मी पोटभर जेवले. पाहुणे आले की माझ्या अंगावर थाप मारून म्हणत, "केशोराव, ढोली भारी हाये तुमची!" त्या थापेचा मला मनापासून अभिमान वाटे. पुढे प्लास्टिकची पोती आली. धान बांधीवरूनच विक्रीला जाऊ लागले आणि घरापुरते पोत्यांत मावू लागले. माझा लेप तडकला. माझ्या तोंडावर तुटके टोपले आणि जुनी छत्री येऊन पडली. रिकामे पोट फार लांबचे ऐकते, मित्रांनो. पण ऐकलेले सांगायला कुणी नसते.

रंजिता परिचारिकेचे शिक्षण घेऊन आली होती. तिचा हात हलका होता. गावातल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शन दिल्याचे कळतही नसे. इटलीतल्या एका वृद्धाश्रमाला परिचारिका हव्या होत्या, आणि सुगीच्या दिवसांत फोनवर व्हिडिओ कॉलने मुलाखत व्हायची होती, तीही इटालियनमध्ये. त्यासाठी ती नागपूरच्या एका शिक्षिकेकडे फोनवरूनच भाषा शिकत होती. लिहिणे तिला उत्तम येई. बोलायची पाळी आली, की मात्र तिचा घसा बंद होई. कॉलेजात एकदा ती वर्गासमोर उभी राहून आपल्या गावच्या बोलीत "पेशंट झोपून रायला" असे म्हणाली होती आणि सारा वर्ग हसला होता. ते हसू अजून तिच्या गळ्यात अडकलेले होते. शिक्षिकेने नाव पुकारले, की ती माइक बंदच ठेवी.

एकदा छत्री शोधताना ती माझ्यावर वाकली आणि सवयीने पुटपुटली, "दोवे ले फा माले?" कुठे दुखते, असे विचारणारे ते वाक्य मी घुमवून तिला परत केले. ते तिच्या तोंडून निघाले होते त्यापेक्षा ठाम होऊन परतले. ती थबकली. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी थोडा मोठ्याने. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या आत बसू लागली. तिथे ती चुके, स्वतःशी हसे, पुन्हा बोले. माझ्या तडकलेल्या पोटाला काम मिळाले.

पण घुमणारा आवाज लपत नाही. एके सकाळी शेजारची चंदा कुंपणावरून ओरडली, "कलाबाई वो, तुमच्या ढोलीत भुंगे भरले का? कवाचे घुमून रायले!"

"भुंगे कायचे? साप असन!" कलाबाई गोठ्यातून म्हणाली.

"साप बोलते का वो?"

केशोराव नेमके बांधीवरून परतत होते. त्यांनी काठी घेतली आणि माझ्यावर ठोकली. "कोन हाये आत?"

मग माझ्या आतून बारीक आवाज आला, "मी हावो, बाबा."

"ढोलीत कायले घुसली?"

"अभ्यास करून रायली."

"घरात टेबल हाये, खुर्ची हाये, आन् पोट्टी ढोलीत!"

चंदा कुंपणाला धरून हसत सुटली. "इटली दूर हाये म्हनतेत. ढोलीतून जवळची वाट हाये का वो, रंजिता?"

रंजिताचे डोके वर आले. केसांत कोळ्याचे जाळे होते आणि डोळे भरलेले होते. "बाहेर बोलली का लोक हासतेत," ती म्हणाली. "मंग घसा बंद होते."

चंदाचे हसू जागीच विरले. केशोरावांनी काठी भिंतीला टेकवली. ते आत गेले, पाण्याचा लोटा भरून आणला आणि लेकीच्या हाती दिला. "बस मंग आतच. गरमी होत असन."

सुगी आली. मळलेल्या धानाची पहिली रास अंगणात पडली, आणि मुलाखत तोंडावर आली. कलाबाईला यंदा घरचे धान माझ्यात भरायचे होते, कारण आदल्या वर्षी उंदरांनी पोती कुरतडली होती. केशोराव म्हणाले, "पोत्यातच राहू दे. पोरीची मुलाखत होईपर्यंत ढोली रिकामी पायजे."

"अन् उंदीर?"

"खातीन थोडेसे. खाऊ दे."

रंजिता तेव्हा माझ्या आतच होती. हे ऐकून तिने फोन बंद केला. मघाशी घुमत असलेले तिचे वाक्य माझ्या भिंतींवरून विरून गेले, तरी ती बसून राहिली. मग वर चढून बाहेर आली, माती कालवली, शेण मिसळले आणि माझ्या एकेका भेगेवर बोट फिरवीत लेप देऊ लागली. कलाबाई म्हणाली, "काऊन वो, तुह्या अभ्यासाचं काय?"

"अंगनात करीन."

लेप वाळला, तेव्हा धानाची पहिली टोपली तिनेच माझ्यात ओतली. दाणे माझ्या तळाशी सरसरत गेले. किती वर्षांनी!

त्याच संध्याकाळी कलाबाई गुडघा धरून ओट्यावर बसली. रंजिता तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दोवे ले फा माले?" चंदा खुदकन हसली. पण कलाबाईने साडी सावरून गुडघा पुढे केला. "अवो, हा घुडगा दुखते!" ताबडतोब चंदाही पुढे सरसावली. "मले बी विचार ना! माही कंबर कवाची दुखून रायली." मग काय विचारता! आळीतले म्हातारे रोज येऊन ओट्यावर बसू लागले, आपापले दुखणे इटालियनमध्ये विचारून घेऊ लागले आणि उत्तर मात्र आपल्याच बोलीत देऊ लागले. हसणे होतेच. त्या हसण्यात रंजिताही असे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी ढोली असेल, तर तिला वर्षातून एकदा लेप द्या. आणि कुणी नवी भाषा अडखळत बोलत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. आम्हा दोघांनाही तेवढ्यानेच पुष्कळ बळ येते.

मुलाखतीच्या दिवशी अंगणात उरलेल्या धानाची मळणी सुरू होती. कलाबाईने मशीन बंद करायला लावले आणि ती दार लोटू लागली.

"उघडं राहू दे, आई," रंजिता म्हणाली. "उजेड येते."

तिने खुर्ची दारातच मांडली. फोनवर पांढऱ्या केसांच्या एक बाई दिसू लागल्या. त्यांनी भरभर काहीतरी विचारले. ते रंजिताला कळले नाही. अंगणात चंदा, केशोराव, मळणीची माणसे, सगळी मान वर करून उभी होती. मी गळ्यापर्यंत धानाने भरलेली; माझ्यातून साधा हुंकारही निघाला नसता.

रंजिताने एकवार श्वास घेतला. "स्कूझी, सिन्योरा," ती स्पष्ट आवाजात माफी मागत म्हणाली आणि प्रश्न पुन्हा विचारण्याची तिने इटालियनमध्ये विनंती केली.

बाई हसल्या, आणि त्यांनी तो सावकाश विचारला. रंजिताने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि ती उत्तर देऊ लागली.