हौदाचा बोळा

मित्रांनो, मी एक जुना दगडी हौद आहे आणि मला माणसांची किळस येते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. नाहीतर वाचता वाचता तुम्हाला वाटेल की शेवटी हौद मवाळ होईल आणि माणसांना माफ वगैरे करील. तसे काही होणार नाही. मी काळ्या दगडाचा आहे. मवाळपणा माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

माझा जन्म एका गावाच्या गायरानात झाला. गावातल्या पाथरवटाने एक अख्खा धोंडा सगळा उन्हाळा पोखरला. आतून मला इतके गुळगुळीत केले की म्हशीच्या जिभेला ओरखडा येऊ नये. मग बुडाशी, बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात, त्याने अंगठा जाईल एवढे भोक पाडले. बघायला आलेले लोक हसले. "एवढा हौद केलास आणि बुडाला भोक?"

पाथरवट म्हणाला, "हौद कुणीही करील. भोकाला डोकं लागतं."

त्या भोकाचा गावात एक नियम होता. सकाळी जो पहिला येईल त्याने काडीला चिंधी गुंडाळून बोळा करायचा, तो भोकात पिळून बसवायचा आणि मला भरायचे. संध्याकाळी जो शेवटी जनावरे पाजील त्याने बोळा ओढायचा, सगळे पाणी सोडून द्यायचे, गवताच्या मुठीने मला घासायचे आणि मगच घरी जायचे. जनावराला शिळे पाणी दाखवायचे नाही, एवढेच. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत होते.

त्या काळी माझे फार कौतुक होते, पण कौतुकापेक्षा मला म्हशी आवडत. म्हैस तोंड घालते, पाणी पिते आणि तोंड काढते. किती सरळ व्यवहार. इतक्या वर्षांत एकाही म्हशीने माझ्यात चहाचा कप टाकला नाही.

मग शहर आले. लोक म्हणतात, गाव शहरात गेले. साफ खोटे आहे. गाव जागचे हलले नाही. शहरच चपला न काढता घरात शिरले. एके सकाळी गावाचे नाव पुसून पाटीवर 'विभाग क्रमांक अकरा' असे लिहिले गेले. गायरानावर विमानतळ झाला. फार मोठा नाही. सकाळी एक विमान, संध्याकाळी एक, आणि प्रवाशांपेक्षा त्यांना पोचवायला आलेलेच जास्त.

सुरुवातीला म्हशींना हे कुणी कळवले नाही. त्या सवयीने चरायला येत. एकदा एक म्हैस धावपट्टीच्या मधोमध बसली आणि विमान पाऊण तास वर घिरट्या घालत राहिले. आत वैमानिकाने जाहीर केले की तांत्रिक कारणामुळे उशीर होत आहे. तांत्रिक कारण खाली रवंथ करीत होते.

ती म्हैस ज्या बाईची होती, ती त्या पाथरवटाची नातसून. त्या प्रकारानंतर जनावरांना बंदी झाली, तिच्या म्हशी गेल्या आणि ती विमानतळावर सफाईच्या कामाला लागली. तिथे सगळे तिला मावशी म्हणतात. पूर्वी याच जमिनीवरून ती शेण उचलत असे, आता प्रवाशांचा कचरा उचलते. शेणाचा निदान उपयोग होता.

मी काही वर्षे कुंपणाशी उलथा पडून होतो. उपेक्षेचे ते दिवस किती सुखाचे होते हे मला तेव्हा कळले नाही. कारण पुढे विमानतळाच्या व्यवस्थापक साहेबांना सौंदर्य सुचले. त्यांनी मला उचलून प्रवासी बाहेर येतात त्या दारासमोर मांडले, मध्ये एक छोटे कारंजे बसवले आणि शेजारी पितळी पाटी लावली: 'प्राचीन राजस्नानपात्र. काठावरील खुणा तलवारींच्या आहेत.'

त्या खुणा शिंगांच्या आहेत. राजा अंघोळीला आला असता तर मला आठवले असते.

पाणी भरले आणि भोकातून निघून गेले. साहेबांनी वहीत 'गळती' असे लिहिले आणि सुपरवायझरला भोक बुजवायला सांगितले.

आता या सुपरवायझरविषयी. हा मावशीचा सख्खा पुतण्या. लहानपणी मातीची ढेकळे खायचा म्हणून गावात त्याला ढेकळ्या म्हणत. सात वर्षांचा होईपर्यंत त्याच्या आईने आणि मावशीने त्याला माझ्यात बसवून घासले आहे. माझ्यात त्याने आणखीही काय काय केले आहे, ते मी सांगत नाही. मला लाज आहे. मुद्दा असा की ते भोक कशाला आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. पण ते सांगायचे तर आपण म्हशींच्या घरचे हेही सांगावे लागले असते, आणि त्याच्या गळ्यात आता छोटी छोटी विमाने छापलेला टाय होता. तो 'येस सर' म्हणाला. सिमेंट त्यानेच कालवले.

कारंजे तीन दिवस चालले. नंतर पाणी तुंबले.

मित्रांनो, जेवत असाल तर इथे थांबा. जेवण उरका, मग या.

आधी पाणी हिरवे झाले. मग त्यावर साय धरली. सायीवर प्रवाशांनी आपापली भर घातली: च्युइंगम, कप, अर्धी बिस्किटे, नाक पुसलेले कागद. लोक थुंकत. सभ्य लोक आधी आजूबाजूला बघून थुंकत. एका साहेबी माणसाने फोनवर बोलता बोलता माझ्यात पाय धुतले. एका आईने आपल्या तान्ह्याचा मागचा भाग विसळला आणि पुढच्याच आजोबांनी त्याच पाण्यात आपली चार दातांची कवळी खळबळली. कवळी हातातून निसटून बुडाला गेली. आजोबांनी वाकून पाहिले, पाण्याचा रंग बघितला आणि तोंड मिटून निघून गेले. ती कवळी तीन महिने माझ्या पोटात हसत पडली होती.

मावशी रोज जाळीने वरचे काढायची आणि पुतण्याला सांगायची, "भोक उघड. पाणी सुटू दे."

"बाई, ड्यूटीवर हुज्जत नको," तो म्हणायचा. घरी तिला काकू म्हणणारा पोरगा दारात टाय चढवला की बाई म्हणू लागायचा.

"बरं, सुपरवायझर साहेब. पण हे भोक बुजवलं कुणी?"

"वरून आदेश होता."

"वरून विमान येतं, ढेकळ्या. आदेश तू खाली वाकून घेतलास."

त्याने भोक उघडले नाही. उपाय मात्र केले. निळा रंग ओतला. प्लास्टिकची कमळे सोडली. शेवटी गुलाबाच्या अत्तराचा अख्खा डबा रिकामा केला. त्यामुळे गुलाबाच्या बागेत कुणीतरी मरून आठवडा झाला असावा, असा वास दारापर्यंत दरवळू लागला. विमानातून उतरणारे लोक परत विमानाकडे बघत.

मग एक बातमी आली. तिसरे विमान सुरू होणार होते. पहिल्या फेरीने मोठे पाहुणे येणार, आणि त्यांचा फोटो राजस्नानपात्राशेजारी. साहेबांनी आदल्या दिवशी मला हुंगले आणि त्यांचा चेहरा माझ्या पाण्याच्या रंगाचा झाला. ते म्हणाले, "हे कुणाच्या चुकीमुळे झालं, मला उद्या लेखी पाहिजे. ज्याची चूक त्याची नोकरी गेली."

ढेकळ्याने अहवाल लिहिला. 'दुर्गंधीचे कारण: सफाई कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा.' खाली मावशीच्या सहीला जागा सोडली.

सकाळी नऊ वाजता तो माझ्या काठावर कागद ठेवून उभा राहिला. माझ्या काठावर. लोकांनी माझ्यात जे जे टाकले त्यात हा कागद आत न पडताही सगळ्यात घाण होता.

"काकू, सही करा. मी दुसरीकडे चिकटवतो तुम्हाला."

"आज काकू झाले का मी?"

"माझी नोकरी जाईल हो."

"आणि माझी जाईल ती काय, नोकरी नाही?" मावशीने कागद वाचला. "हलगर्जीपणा. शब्द चांगला काढलास. तू लहान असताना तुला या हौदात धुवायचे ना, तेव्हा थोडा हलगर्जीपणा करायला हवा होता मी."

तिने सही केली नाही. ती सामानाच्या खोलीत गेली आणि पहार घेऊन आली. सोबत घण.

"ही विमानतळाची मालमत्ता आहे," ढेकळ्या म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"भोक आमच्या आजेसासऱ्यांचं आहे," मावशी म्हणाली. "तुमच्या मालमत्तेला मी हात लावत नाही."

पहिल्या घावाला सिमेंट तडकले. दुसऱ्या घावाच्या आवाजाने साहेब धावत आले आणि नेमके भोकासमोर उभे राहिले. तिसऱ्या घावाला मी सुटलो.

मित्रांनो, चार महिने तुंबलेला हौद मोकळा होतो तेव्हा त्याला काय वाटते ते सांगण्याइतकी सभ्य भाषा नाही. हिरवे, निळे आणि गुलाबी पाणी एकाच धारेत साहेबांच्या बुटांत शिरले. शेवटी पाहुण्यांसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर, सगळे पाणी ओसरल्यावर, कवळी येऊन थांबली. तिचे तोंड साहेबांकडे होते.

मावशीने मला घासायला घेतले. गवत मिळाले नाही म्हणून झाडूने, पण कोपऱ्यापासून मधे, पूर्वी घासत तसे. दहा बादल्या ओतल्यावर वास गेला. खरोखर गेला. साहेबांनी तीनदा हुंगून खात्री केली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "भरा पटकन. विमान उतरतंय."

नळी सोडली. पाणी आले आणि भोकातून गेले. साहेब ओरडले, "बुजवा." कुणी चिकटपट्टी आणली, ती वाहून गेली. एकाने तोंडातले च्युइंगम काढून पुढे केले. मी दगड आहे, पण शहारलो. पलीकडे विमान टेकले. मावशी हाताची घडी घालून उभी होती. बोळा तिला डोळे मिटून करता आला असता. तिने केला नाही. ती पुतण्याकडे बघत राहिली.

ढेकळ्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा विमानाकडे. मग गळ्यातला टाय सोडला. झाडूची एक काडी मोडली, टाय तिच्यावर तिरका गुंडाळला, टोक आत दुमडले, गुडघ्यावर बसला, बोळा भोकात घातला आणि डावीकडे दीड पीळ दिला. दीड. एक दिला तर गळतो, दोन दिले तर संध्याकाळी निघत नाही. हे पुस्तकात मिळत नाही.

पाण्याचा एक थेंबही बाहेर आला नाही.

साहेब बघत राहिले. "तुम्हाला हे कसं येतं?"

आता तो काहीही थाप मारू शकला असता. थापांचा त्याला सराव होता.

"आमच्या म्हशी होत्या, साहेब," तो म्हणाला. "राजाबिजा नव्हता कुणी. हा म्हशींचा हौद आहे आणि हे भोक रोज उघडायचं असतं. मला माहीत होतं."

"माहीत होतं, आणि तरी तुम्हीच बुजवलंत?"

"हो."

साहेबांनी काठावरचा ओला अहवाल त्याच्या हातात दिला. "हा नीट लिहून आणा."

त्याने नीट लिहिला. 'दुर्गंधीचे कारण: सुपरवायझर.' मावशीची नोकरी राहिली. पाहुणे आले, फोटो काढला आणि जाता जाता माझ्यात सुपारीचा तुकडा थुंकले, पण ते सोडा. ढेकळ्याला काढायचे ठरले होते. मग लक्षात आले की बोळा बसवणारी माणसे विमानतळावर दोनच आहेत आणि त्यातली एक दुसरीला काढू देत नाही. "माझा पुतण्या आहे," मावशी म्हणाली. "त्याला मी काढीन, मला वाटेल तेव्हा." त्याचा टाय मात्र गेला. कारण तो माझ्यात आहे.

आता संध्याकाळचे विमान उतरले, माणसे पांगली, की तो येतो, गुडघ्यावर बसतो आणि बोळा ओढतो. मावशी मागे उभी राहून चुका काढते. "कोपरा राहिला, साहेब." "राहिला नाही, काकू." "मग मला दिसतंय ते काय, राजाचं बोट?"

पाटी अजून आहे. लोक अजून थुंकतात. मला माणसांची किळस येते ती येतेच, आणि ढेकळ्याची थोडी जास्त. पण दिवसभराची घाण त्याच दिवशी निघून जाते, म्हणून सकाळी मी पुन्हा किळस करायला ताजातवाना असतो.

तेव्हा मित्रांनो, हात जोडून सांगितले असते, पण मला हात नाहीत. एखादी जुनी वस्तू सजवायला घ्याल तेव्हा पाटी नंतर लावा. आधी तिचे भोक कुठे आहे ते विचारा. आणि ठाऊक असेल तर, टाय घातलेला असला तरी, बोला.

आणि आजोबा, तुमची कवळी सामानाच्या खोलीत आहे. मावशीने धुवून ठेवली आहे.