सतरा देशांचं एकमत

सतरा देशांनी मिळून दहशतवाद मोडायला काढलेल्या कचेरीत कारकून सकाळपासून दारोदार फिरत होता. निळ्या पेटीत बॉम्ब घेतलेला माणूस सीमेपलीकडून चारच्या गाडीत चढणार, अशी पक्की खबर होती आणि त्याच गाडीने कारकुनाची थोरली बहीण यायची होती. इशाऱ्याच्या कागदावर सोळा सह्या मिळेपर्यंत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. सतरावे साहेब मात्र अडून बसले.

"आमच्या देशाचं नाव शेवटी का?"

"साहेब, गाडी सुटेल हो!"

"सुटू दे. नवा कागद करा, आमचं नाव वर घ्या."

नवा कागद म्हणजे पुन्हा सतरा सह्या! कारकुनाने कपाळावर हात मारला आणि पलीकडच्या ओळखीच्या स्टेशनमास्तरला सरळ फोन लावला.

"मास्तर, निळ्या पेटीवाल्याला धरा. माझी ताई आहे गाडीत."

"धरतो की! ताई काय तुझ्या एकट्याचीच आहे होय?"

पाच मिनिटांत पेटीवाला धरला गेला.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. परवानगीवाचून फोन करणाऱ्या कारकुनाला घरी बसवावं, या ठरावावर चहा निवायच्या आत सतराही सह्या पडल्या. कोणाचं नाव शेवटी आहे, हे कोणी पाहिलंसुद्धा नाही.