रंगाचा रकाना

"खिडकीकडे धर त्याला, उजेडात," सिल्व्हिया म्हणाली आणि तिने चार दिवसांच्या बाळाची हिरडी करंगळीने हलकेच दाबून सोडली. दाबलेली जागा पांढरट दिसायला हवी होती. दिसली पिवळी, चांगली हळदीसारखी.

बाळाची आई वांजिरू केनियाची, इथे आखातात, मनामातल्या एका हॉटेलात सफाईकाम करणारी. तिचं बाळंतपण सिल्व्हियानेच केलं होतं. मिडवाइफने घरी जाऊन बाळ बघायचं, अशी क्लिनिकची पद्धत होती. पण त्या यादीत माहूजचे श्रीमंत फ्लॅट असत, मआमीरच्या कामगारांच्या खोल्या नसत. सिल्व्हिया ड्यूटी संपवून वांजिरूच्या खोलीवर आपणहून आली होती.

"काल दोनदा फोन केला," वांजिरू इंग्रजीत सांगत होती. "बाळ पीत नाही, नुसतं झोपतं म्हटलं. मग क्लिनिकला घेऊनच गेले. डॉक्टर लांबूनच म्हणाल्या, त्याचा रंगच तसा."

 मागच्या वर्षी एका सुदानी बाळाच्या कागदावर, रंगाच्या रकान्यात, सिल्व्हियाने स्वतः 'गुलाबी' लिहिलं होतं. सगळ्याच लिहायच्या, न बघता. त्या बाळाची कावीळ वाढून कान गेले; आई आता टाळी वाजवते आणि बाळ वळून बघत नाही. वसईहून येऊन बावीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईच्या हातून हे झालं होतं, आणि तिला कुणी साधा जाबही विचारला नव्हता. त्याची लाज तिला अजून वाटत होती.

"यल्ला, ऊठ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता निघायचं."

क्लिनिकमधल्या त्या डॉक्टर, निवेदिता, पुण्याच्या. हुशार, आणि मनाने वाईट मुळीच नाहीत. खरं दुखणं तेच होतं.

"अगं सिल्व्हिया, ही माणसं मुळातच काळी. ह्यांच्यात कावीळ दिसते का कधी?"

"कुठं बघायचं ते माहीत असलं की दिसते. काल तुम्ही बाळाला हात तरी लावलात का?"

"तू मला शिकवणार आता?"

"शिकवते की. रक्त तपासा. तोवर मी ह्या दारातून हलत नाही. ओपीडी बंद पडली तर पडू दे."

बाहेर बसलेल्या बायका माना उंचावून बघू लागल्या. डॉक्टरांनी दात-ओठ खात चिठ्ठी लिहिली.

रक्तातलं काविळीचं प्रमाण, बिलिरुबिन, एकोणीस आलं; धोक्याच्या अगदी जवळ. बाळाला ताबडतोब निळ्या दिव्याखाली ठेवलं. तासाभराने डॉक्टर सिल्व्हियाजवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थोडक्यात वाचलं गं," त्या म्हणाल्या आणि फाइल पुढे सरकवली. "कालचा रकाना कोराच आहे. रंग नॉर्मल, एवढं लिहून टाक. दोघींच्या नोकरीचा प्रश्न आहे. तुझा व्हिसा ह्याच क्लिनिकचा आहे ना?"

सिल्व्हियाने पेन घेतलं आणि इंग्रजीत लिहिलं, 'आईने दोनदा फोनवर सांगितलं. मग बाळाला घेऊन आली. आम्ही ऐकलं नाही. हिरड्या तपासल्या नाहीत.' खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"मॅनेजमेंटने वाचलं तर खलास!"

"वाचू दे. मागच्या वर्षीचंही लिहून देणार आहे. ती चूक माझी होती."

 फाइल घेऊन ती तशीच वांजिरूकडे गेली. वांजिरूने ओळींवरून बोट फिरवत सगळं वाचलं, 'आम्ही ऐकलं नाही' हे दोनदा वाचलं.

"मी कुठं सही करू?" तिने विचारलं.

आईच्या सहीला त्या कागदावर जागाच नव्हती. वांजिरूने पेन मागून घेतलं, फाइल मांडीवर सरळ केली आणि सिल्व्हियाच्या नावाशेजारी, समासात, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्यापुढे लिहिलं, 'आई'.