सोनीच्या वाटणीची गाजरं

"अगं थांब की भवाने, अजून मातीत पडलं न्हाई तवर आलीस व्हय!"

कुंपणावरून आत आलेलं लांबलचक तोंड तानूबाईंनी कोपराने मागे ढकललं. तोंड ढिम्म हललं नाही. उलट त्याने तानूबाईंचा पदर ओठांत धरून चव घेऊन पाहिली, आणि त्यात काही राम नाही असं ठरवून सोडून दिला.

घोडीचं नाव क्लबाच्या पाटीवर 'प्रिन्सेस' असं होतं. ते उच्चारायला तानूबाईंच्या जिभेला जमत होतं, पण मनाला पटत नव्हतं. रोज लिदीत लोळणारी कसली आलीय प्रिन्सेस! त्या तिला सोनी म्हणत, आणि ती ओ द्यायची.

गुडगावच्या पुढे, जिथे बाजरीच्या शेतात टॉवरचे फलक उगवायला लागले होते, तिथे चड्ढासाहेबांचा घोडेस्वारीचा क्लब होता. नव्या सोसायट्यांतली पोरं रविवारी गाड्यांतून यायची, सोनीच्या पाठीवर बसून घाबरायची आणि फोटो काढून परत जायची. तानूबाईंचे नवरे खंडेराव फौजेत घोड्यांच्याच तुकडीत होते. पेन्शन झाल्यावर गावी भावकीच्या तोंडाला लागण्यापेक्षा त्यांनी क्लबातले घोडे सांभाळायची ही नोकरी धरली होती. तबेल्यामागे एक खोली आणि खोलीमागे चार वाफे, एवढा त्यांचा संसार.

तानूबाईंनी तळहातांवर बी चोळलं. गाजराच्या बियाला बारीक कुसळं असतात, ती निघाली नाहीत तर बी एकमेकांना चिकटून बसतं. मग त्यात कोरडी वाळू मिसळून त्यांनी बोटाने आखलेल्या रेघांत ते चिमटी-चिमटीने सोडलं, वर भुरभुर माती टाकली आणि ओलं गोणपाट अंथरलं. अंकुर दिसेपर्यंत गोणपाट वाळू द्यायचं नाही. एवढी निगा आधी केली नव्हती, कारण आधी अक्कल नव्हती.

तानूबाई फलटणकडच्या. जन्म कांद्यात गेलेला. मागच्या साली त्यांनी गाजराचंही कांद्यासारखंच केलं होतं. आधी रोप टाकलं, मग वीतभर झाल्यावर ते उपटून ओळीने लावलं. थंडीत काढली तर एकेका गाजराला दोन-दोन, तीन-तीन पाय. खंडेराव दोन दिवस हसत होते.

"तानू, ह्याला सलवार शिव गं. उघडं बरं दिसंना."

"हसा. तुमच्यापरीस सरळ हाय."

मग दूध घालायला येणाऱ्या बाईने सांगितलं, गाजराला एकदा रुजल्यावर हलवायचं नसतं. मूळ दुखावलं की ते फाटतं. तानूबाई ओशाळल्या. पण सोनीला त्या पायांचं काही वाटलं नव्हतं. तिने सगळा वाफा खाऊन टाकला. तिच्या दाढा झिजल्या होत्या, दाणाही भिजवून द्यावा लागे, म्हणून तानूबाई पातळ चकत्या करून भरवायच्या. पहिल्यांदा भरवलं तेव्हा खंडेरावांनी त्यांचा हात धरून शिकवलं होतं.

"तळहात सपाट. अंगठा आत घे. न्हाईतर गाजरासंगं बोट बी जाईल."

लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी नवऱ्याने असा हात धरायची ती पहिलीच वेळ. तानूबाई ती गोष्ट विसरल्या नव्हत्या.

यंदा सरळ गाजरं काढायची आणि सोनीला खायला घालायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दसऱ्यानंतर चड्ढासाहेब तबेल्यात आले. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं.

"खंडेराव, जमीन का सौदा हो गया. दिवाली के बाद मशीनें आ जाएँगी. जवान घोडे दूसरा क्लब ले रहा है."

"और ये?" खंडेरावांनी म्हाताऱ्या, एका पायाने लंगडणाऱ्या सोनीच्या मानेवर हात ठेवला.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "भट्टीवाला देखने आएगा."

वीटभट्टीचा ठेकेदार आला. त्याने सोनीचा जबडा उघडला, दाढा चाचपल्या आणि म्हणाला, "दो साल तो खींच लेगी." विटांच्या गाड्या ओढणारी जनावरं खंडेरावांनी रस्त्यावर पाहिली होती. खांद्यावर जखमा, त्यावर माश्या आणि वर चाबूक. त्यांनी ठेकेदाराचा हात सोनीच्या तोंडातून बाजूला केला.

"नहीं खींचेगी," ते म्हणाले.

"फिर तुम ही बताओ," साहेब म्हणाले. "कोई अच्छा आदमी ले जाए, तो मुफ्त दे दूँगा. नहीं तो डॉक्टर को बुलाना पडेगा. तुम्हारी घोडी है, जो कहोगे वही होगा."

इतकी वर्षं ती क्लबाची घोडी होती. मारायची वेळ आली तेव्हा ती खंडेरावांची झाली.

त्यानंतर रोज दुपारी खंडेराव सायकलवर बाहेर पडायचे. गोशाळेतला माणूस हात जोडून म्हणाला, "गाय होती तो रख लेते, बाबा." लग्नात नवरदेवाला मिरवणारा म्हणाला, घोडी पांढरी पाहिजे, आणि लंगडत असेल तर नवरीकडचे हसतील. फौजेतल्या एका जुन्या साहेबांचं फार्महाऊस होतं. त्यांनी चहा पाजला, सोनीची चौकशी केली, आणि घोडा बांधायच्या जागी आता पार्ट्यांसाठी लॉन केल्याचं सांगितलं. खंडेराव परत यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे. तानूबाई काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. तांब्या घेताना ते वर बघत नसत, त्यावरून तानूबाईंना उत्तर कळायचं.

इकडे गाजरं जोमात होती. दाट झालेली रोपं त्या उपटून विरळ करायच्या आणि पाल्यासकट सोनीला द्यायच्या.

"साहेबास्नी म्हणा, थंडी पडंस्तवर थांबा. गाजरं तरी हुंद्या," एका संध्याकाळी तानूबाई म्हणाल्या.

"तानू, मशिनवाला गाजरासाठी थांबतुया व्हय?"

"मग आपल्या ज्ञानूकडं न्हेऊ तिला."

ज्ञानोबा त्यांचा मुलगा. मानेसरच्या कारखान्यात लागलेला, दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहणारा. क्लब बंद झाल्यावर हे दोघंही तिथेच जाणार होते. घोडी जिन्याने वर नेल्याचं चित्र दोघांच्याही डोळ्यांपुढे आलं आणि दोघंही हसले. हसता हसता तानूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग त्यांना हसू आवरलं की रडू, ते त्यांचं त्यांनाही समजलं नाही.

दिवाळी झाली. कोणी मिळालं नाही.

डॉक्टर सकाळी आले. सोनीला सुई ठाऊक होती. पांढरा डगला पाहताच तिने कान मागे टाकले, दावं ताणलं आणि दुखऱ्या पायावर उभी राहून थरथरायला लागली. दोनदा प्रयत्न झाला, दोनदा तिने डॉक्टरांना भिंतीशी रेटलं. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता. असं भ्यालेलं तिला खंडेरावांनी कधीच पाहिलं नव्हतं.

ते खोलीमागे आले. तानूबाई वाफ्याला पाणी घालत होत्या. तबेल्याकडे पाठ करून, जणू काही ऐकूच येत नव्हतं.

"तानू, थोडी गाजरं काढ."

"अजून बोटायेवढीच हाईत."

"आसूंदे. काढ."

तानूबाईंचा हात थांबला. "कशापायी?"

खंडेरावांनी तबेल्याकडे पाहिलं.

"माझ्या गाजरानं फसवताय तिला?" तानूबाईंचा आवाज चिरकला. "म्या तिच्यासाठी लावली हुती. मारायसाठी न्हाई लावली!"

"मला ठावं हाय."

"मग?"

"तानू, ती भिऊन मरंल गं," खंडेराव म्हणाले आणि वाफ्याच्या कडेला मटकन बसले. फौजेत सुभेदाराच्या शिव्या खाऊन ताठ उभा राहणारा माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडला. "माझ्या हातनं घेईना ती. माझ्या बी हातांस्नी त्या औषधाचा वास आला आसंल."

तानूबाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग त्या वाकल्या आणि पाल्याला धरून एकेक गाजर ओढू लागल्या. लाल, कोवळी, आणि सगळी सरळ. एकालाही पाय नव्हता. त्यांनी ती बादलीत धुतली, विळी घेऊन तबेल्यात गेल्या, सोनीपुढे फतकल मारून बसल्या आणि रोजच्यासारख्या चकत्या करू लागल्या.

"काय गं, कुनाला भ्यालीस? म्या हाय न्हवं? बघ, कशी सरळ आलीत. म्हागल्या साली ह्ये हसले हुते मला."

सोनीचे कान हळूहळू पुढे आले. मान खाली आली. तानूबाईंनी तळहात सपाट केला, अंगठा आत घेतला. ओठांनी चकती उचलली. मग दुसरी. मग तिसरी. खंडेराव मानेशी उभे होते, अयाळीत बोटं घालून. डॉक्टरांनी बाजूने येऊन सुई टोचली तेव्हा सोनीने नुसती कातडी थरथरवली, माशी बसल्यासारखी.

तानूबाई बोलत राहिल्या. फलटणच्या कांद्याचं बोलल्या, ज्ञानूच्या जिन्याचं बोलल्या. शेवटच्या चकतीला ओठ लागले, पण ती उचलली गेली नाही. कोमट, ओली अशी ती तळहातावरच राहिली.

"माताजी, अब हट जाइए," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले.

त्या हटल्या नाहीत. खंडेरावांनी त्यांना उठवून बाहेर नेलं.

आठवड्यात मशीन आलं. उरलेली गाजरं तानूबाईंनी काढली नाहीत. यंत्राचा लोखंडी पंजा वाफ्यात उतरला तेव्हा त्या ट्रंकेवर बसून टेंपोची वाट पाहत होत्या. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

कडाक्याची थंडी पडली तेव्हा ज्ञानोबाने मानेसरच्या बाजारातून गाजरं आणली. चांगली हातभर, लालभडक. सुनेने, सुनंदाने, दूध आटवायला ठेवलं आणि गाजरं सासूबाईंपुढे सरकवली.

खोलीत स्टोचा आवाज भरला होता. खंडेराव खिडकीशी बसून खालच्या कंपनीच्या बसगाड्या बघत होते.

"आवो आत्या, हलव्याला किसायची हाईत," सुनंदा वळून म्हणाली. "चकत्या कशाला केल्या? त्या बी एवढ्या पातळ!"

तानूबाईंनी परातीकडे पाहिलं. अर्धी परात चकत्यांनी भरली होती. त्यातली एक उचलून त्यांनी नवऱ्यापुढे धरली.

"घ्या. ग्वाड हाय का बघा."

खंडेरावांनी हाताकडे पाहिलं. तळहात सपाट होता, त्यावर मधोमध चकती, आणि अंगठा आत घेतलेला.

त्यांनी चकती उचलली नाही. आत दडवलेला तो अंगठा हलकेच बाहेर काढला, मग एकेक करून तानूबाईंची बोटं चकतीवर मिटवली, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसले.