तबकडीच्या शेवटच्या रेघा

माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची किंमत मला जास्तच कळलीय, म्हणून त्यांचीच घेते. मी सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तो हवालदार तबकडीवर बसला तेव्हा मी समोरच्याच बाकावर होते.

भुसावळहून सुरतला येणारी पॅसेंजर. मी भाचीच्या लग्नाहून येत होते, अमळनेरला चढले, तर डब्यात आमच्या पांडेसऱ्याच्या चाळीतले श्रीपतभाऊ. शेजारच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल निजवावं तसं ठेवलेलं. नंदुरबारला ते पाणी भरायला उतरले आणि नव्वद किलोचा हवालदार येऊन बरोब्बर त्या घोंगडीवर बसला. बसला तसा उठला. घामाघूम झालेला. मला म्हणाला, आजी, खाली कुणी बाई गातेय. मी म्हटलं, तुमच्याखाली कोण गाईल? तो पुढल्या डब्यात निघून गेला. श्रीपतभाऊ पाणी घेऊन आले, मी सांगितलं तशी घाईनं घोंगडी उलगडली. आत गाण्याची लाखेची तबकडी, जुन्या काळातली. साधा तडासुद्धा नाही.

त्यांची कमलमावशी वारली होती, तिच्या ज्वारीच्या कोठीतून ही निघाली. श्रीपतभाऊंची आई रुक्मिणी भीमजलशात गायची. पार्टी मुंबईला गेली, दोन गाणी भरून आली. तबकडीवर नाव शाहिराचं, हिचं कुठंच नाही. तेव्हा श्रीपतभाऊ सहा महिन्यांचे, तिच्या मांडीवर. कमलमावशी जन्मभर सांगत आली की गाणं संपलं, पेटी थांबली, आणि पोरगं चुळबुळलं. यंत्र बंद व्हायच्या आत रुक्मिणी त्याला काहीतरी म्हणाली. कंपनीवाला चिडला, पण परत कोण भरतंय? तबकडी तशीच निघाली. पुढल्याच वर्षी रुक्मिणी तापानं गेली. फोटो एकही नाही. ती काय म्हणाली ते कमलमावशीलाही धड आठवेना. एकदा एक सांगायची, एकदा दुसरं.

म्हणजे बघा, त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला त्याच्या आईनं मारलेली एकच हाक जगात शिल्लक होती, आणि ती त्या शेवटच्या चार रेघांत.

त्यांची वृषाली उधन्याला बँकेत आहे. तिनं बापासाठी ऑनलाइन रेकॉर्ड वाजवायचं मशीन मागवलं. लाकडी, मिठाईच्या खोक्याएवढं, दांडी काडीसारखी हलकी, जुन्या तबकडीचा वेगसुद्धा त्यात. पण पोरगी हुशार, सगळं वाचून आलेली. म्हणाली, सोबत आलेली सुई बारीक आहे पप्पा, ती नव्या रेकॉर्डची. जुन्याच्या रेघा रुंद असतात, बारीक सुई तळाशी जाऊन खरडेल, नुसती खरखर येईल आणि रेकॉर्डही खराब होईल. जाड सुई मागवलीय, ती आल्याशिवाय हात लावायचा नाही. उभी ठेवायची, उन्हात ठेवायची नाही.

सुई यायला अठरा दिवस लागले. पुसायची कशानं, ते सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही. विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. अडतीस वर्षं प्रिंटिंग मिलमध्ये काढलेला माणूस. मशीनच्या दणदणाटानं कान गेले, पण हात असा स्वच्छ की शेठ दुसऱ्या खात्याच्या पोरांना बघायला आणायचा. जाळीवर रंग सुकला की फडकं आणि स्पिरिट. दुसरं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

एका दुपारी ते माझ्या दारात आले.

"वयनी, ती इस्पिरिटनी बाटली शे का अजून?"

आमचे मालक फर्निचर पॉलिशवाले. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांची बाटली मोरीवरच्या फळीवर तशीच होती. मी दिली. कशाला हवी ते विचारलं नाही. लसूण सोलत होते, उठायचा कंटाळा आला होता, एवढंच. एरवी मी चाळीत कुणी चमचा मागितला तरी तीन पिढ्यांची चौकशी करते.

अर्ध्या तासानं भिंतीपलीकडून वास आला. मी सोलता सोलता थांबले. तो आमच्या मालकांच्या हातांचा वास होता. चपडा स्पिरिटमध्ये विरघळला की यायचा तो. त्यांच्या सदऱ्यांना, उशीला, माझ्या लुगड्यालाही यायचा. नऊ वर्षांनी आला. आणि त्याच क्षणी गल्लीतली सगळी कुत्री गप झाली. भर दुपारी, मच्छीवाली दारात असताना. हवं तर त्या मच्छीवालीला विचारा.

मी अनवाणी धावले. श्रीपतभाऊ खाटेवर बसलेले, तबकडी मांडीवर, फडकं काळंकुट्ट. चेहरा असा खूश!

"देखा वयनी, कितला मळ निंघी राहिना."

मळ कसला? चपडा म्हणजे लाख, आणि तबकडीही लाखेची. मी त्यांचं मनगट धरलं. कानाशी तोंड नेऊन सांगितलं की हा मळ नाही भाऊ, ही तबकडीच आहे, ती विरघळतेय.

त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग तबकडीकडे. बाहेरच्या बाजूला रेघा होत्या तशा होत्या. आतल्या बाजूला, लेबलाला लागून दोन बोटं जागा काचेसारखी गुळगुळीत चमकत होती. सुई बाहेरून आत जाते, गाणं तिथं संपतं, हे वृषालीनं त्यांना दाखवलं होतं. म्हणून पुसायला त्यांनी तिथूनच सुरुवात केली होती. सगळ्यात आधी तीच जागा लख्ख व्हायला हवी होती त्यांना.

ते रडले नाहीत. फडक्याची घडी केली, चार वेळा, आणि खिशात ठेवली. मी रिकामी बाटली उचलून घरी आले आणि लसूण तसाच सुपात टाकून भिंतीला टेकून बसून राहिले.

सुई आली. रविवारची दुपार, वृषाली आली, मला बोलावणं आलं. नको म्हणणार होते, पण बाटली माझी होती. श्रीपतभाऊंनी धुतलेला शर्ट घातला होता. कानातलं यंत्र किंचाळायला लागलं म्हणून काढून ठेवलं आणि स्पीकरवर दोन्ही तळवे टेकवून बसले. वृषालीनं दांडी हलकेच खाली ठेवली.

आधी खरखर. मग रुक्मिणी आली.

मला वाटलं होतं आवाज बारीक असेल, जुन्या बायकांचा असतो तसा नाकातला. कसला बारीक! रुंद, दणकट, उसात काम केलेल्या बाईचा आवाज. तबकडीतून बाहेर येऊन आता ही बाई पाणी मागेल असं वाटलं. वृषालीच्या हातावर काटा आला. तिचाच आवाज तो, बँकेत काउंटरवर गर्दी झाली की लागतो तसा. श्रीपतभाऊंना किती ऐकू आलं देव जाणे. डोळे मिटलेले आणि तळव्यांखाली आई.

मग ती गुळगुळीत जागा आली. दांडी घसरली, डगमगली, आत सरकली. श्रीपतभाऊंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. लेकीकडे नाही, माझ्याकडे.

"वयनी, काय म्हनी राहिनी मनी माय?"

मी त्यांच्या कानाशी गेले आणि ऐकलं ते सांगितलं. शिरपत, नीज रे आते. नीज आता, एवढंच.

त्यांनी मान हलवली. फार दिवसांपासून माहीत असलेली गोष्ट कुणी पुन्हा सांगावी तशी. मग म्हणाले, परत लाव. वृषालीनं परत लावलं. तीनदा लावलं. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, तिन्ही वेळा मी तेच सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी दुपारी त्यांची हाक यायची. मी पानाचा डबा घेऊन जायचे, वृषाली असली तर ती लावायची, नसली तर ते स्वतः. जाड सुई, हलका हात, आणि आता पुसायला नुसतं कोरडं मऊ कापड. शेवटी माझ्याकडे बघायचे. हळूहळू विचारायचंही सोडलं. नुसतं बघायचे, मी ओठ हलवायचे, ते मान हलवायचे. दोन वर्षं चाललं हे. एकदा मी तापानं फणफणले होते, तर भिंतीवर टकटक झाली. उठून गेले. तेवढ्यासाठी.

मागच्या माघात श्रीपतभाऊ गेले, झोपेतच. अंघोळ घालून पांढरे कपडे चढवताना वृषालीला उशीखाली ते काळं फडकं सापडलं, चार घड्यांचं. ती फेकणार होती. मी म्हटलं, आण इकडे, आणि त्यांच्या खिशात ठेवलं. त्यात काय होतं ते मला ठाऊक होतं.

आता शपथेचं. हवालदार खरा. त्याच्याखाली बाई गात होती तेही खरं. कुत्री गप झाली, वास आला, सगळं खरं. माझ्या डोळ्यांना काही होणार नाही. फक्त एक गोष्ट मी पदरची घातली. त्या गुळगुळीत जागेवर कुणी काही म्हणालं नव्हतं. नुसती खरखर होती. शिरपत, नीज रे आते, हे माझं. माझी सासू माझ्या नवऱ्याला म्हणायची तसं, फक्त नाव बदललं. वृषालीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती कधी बोलली नाही.

परवाच्या रविवारी तिनं मला बोलावलं. म्हणाली, एकदा लावून बघू आंटी, पप्पांसाठी. रुक्मिणी गायली. सुई गुळगुळीत जागेवर आली, डगमगली, आत सरकली. आणि खरखरीतून तोच रुंद आवाज आला, शिरपत, नीज रे आते.

माझ्या तोंडात पान होतं. मी ओठसुद्धा हलवले नव्हते.

वृषालीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.