चेरोकींच्या रस्त्यावर ट्रक

मी एक जुना रस्ता आहे, निदान नावाने तरी. अंगाने म्हणाल तर तीन फूट पुठ्ठा, आणि मुक्काम दुबईत, अल बर्शामधल्या एका बाल्कनीत. मित्रांनो, मी चिडलेलो आहे. गोड बोलणं आज जमणार नाही.

सातवीतल्या दियाने मला शाळेच्या प्रदर्शनासाठी बनवलं. अंगाला वाळू आणि चहाचा चोथा फासला. माझी मूळ गोष्ट अशी: दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकन सरकारला तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांच्या मुलखातून रस्ता हवा होता. चेरोकींनी बरीच वर्षं नको नको म्हटलं, शेवटी परवानगी दिली. रस्त्यावर खानावळी काढल्या, नदीवर नावा चालवल्या. पुढे आणखी माणसं आली, त्यांना सगळीच जमीन हवी झाली. मग बंदुका घेऊन सैनिक आले आणि चेरोकींना घरांतून बाहेर काढून पश्चिमेला हाकललं. त्या प्रवासात हजारो मेले.

"भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी," दियाची आई मैथिली पोळ्यांची कणीक मळता मळता म्हणाली आणि एक गोळा लेकीच्या हातात दिला. दियाने सोळा माणसं वळली. कुणाच्या पाठीवर गाठोडं, कुणाच्या कडेवर पोर. ती माझ्यावर चिकटवली तेव्हा कुठे मी खरा रस्ता झालो.

प्रदर्शनाच्या सकाळी बाबा उठले. हे राजन, जबल अली बंदरावरच्या एका गोदामाचे मॅनेजर.

"असलं रडकं काय मांडतेस? रस्ता म्हणजे कनेक्टिव्हिटी! ट्रेड दाखव, ट्रेड!"

आणि गृहस्थाने माणसं उपटून कचऱ्यात टाकली! वर चिकटवलं काय, तर कंपनीने दिवाळीला वाटलेले खेळण्यातले चार ट्रक. घोडागाडीच्या काळात कंटेनर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, दे आर पीपल!" दिया रडत म्हणाली.

"यल्ला, चल लवकर, उशीर होतोय. नंबर हवाय ना?"

शाळेत नबिला मिस परीक्षक होत्या. बाबा समोर मोबाईल धरून उभे. मिसनी विचारलं, "या रस्त्यावर कोण राहायचं?"

 दियाने एकेक ट्रक ओढून काढला. माझी सालटी निघाली, पण मी हूं की चूं केलं नाही. मग तिने कंपासपेटीतून लपवलेली एकुलती एक कणकेची बाई काढली आणि माझ्यावर ठेवली.

"दे सेड येस टू द रोड, मिस. देन दे वेअर थ्रोन आऊट."

बाबांचा मोबाईल खाली आला. फाटक्या रस्त्याला नंबर मिळाला नाही.

घरी येताच बाबांनी कचऱ्याचा डबा उघडला. तो रिकामा होता.  मग म्हणाले, "मैथिली, थोडी कणीक दे गं."

मी त्यांना माफ केलंय असं समजू नका. पंधरा माणसं उपटायला त्यांना मिनिटही लागलं नव्हतं. वळायला बसले, तर संध्याकाळपर्यंत तीनच झाली, त्यातही एकाला पाय नाहीत.

म्हणून सांगतो, मित्रांनो, रस्त्याचं कौतुक खुशाल करा, पण त्यावर कुणाची घरं होती ते आधी विचारा. आणि माणसं उपटायला हात शिवशिवले, तर आधी एक तरी वळून बघा.