आधी हाक

लिओटाने शेगडीवरच्या दांडीवरून लोकरीचे मोजे काढले आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी खोचले. कोटाच्या एका खिशात उकडलेली दोन अंडी, दुसऱ्यात हॅम भरलेला पाव. कॉफी तिने अर्धा कपच घेतली. एकदा रानात थर्मास भरून नेला होता, तर ऐन वेळी झुडपामागे जाऊन बसायची पाळी आली होती.

"पाऊस थांबलेला नाही," आतल्या खोलीतून तिचा नवरा वर्ल म्हणाला.

"ऐकू येतंय मला."

"चमचाभर मध घे. आणि बसल्यावर पायाची बोटं हलवत राहा. माणूस आधी पायांतून झोपतो."

तिने मध चाटला. आठवडाभर तो अशाच सूचना देत होता. खोऱ्यातली निम्मी पोरे त्याच्याच हाताखाली शिकली होती. ओल्या रानात टर्की पक्ष्याची वाट बघत कसे बसायचे, झोप कशी हटवायची, नर टर्कीची ती खडखडणारी साद स्वतःच्या गळ्यातून कशी काढायची, सगळे. पोराला कुंपणावर बसवायचा, हातात सफरचंद द्यायचा, आणि साद नीट निघेपर्यंत स्वतःही जागचा हलायचा नाही. गेल्या वसंतापासून मात्र तो त्या कुंपणापलीकडे गेला नव्हता. उजवा डोळा गेला होता आणि डाव्याला टेबलापलीकडचे दिसत नव्हते.

रविवारच्या जेवणाला एक टर्की मारून आणते, असे लिओटाने त्याला सांगितले होते. त्याने जास्त विचारले नव्हते.

तिच्या पिशवीत तांबडा रुमाल होता. त्याला छऱ्यांची भोके होती.

गेल्या वर्षी अशाच पावसात वर्ल ओढ्यापलीकडच्या जुन्या ओकच्या झाडापाशी साद घालत बसला होता. चष्म्यावर पाणी आले म्हणून त्याने पुसायला रुमाल काढला. या दिवसांत नराचे डोके लालभडक होते, म्हणून रानात कुणी तांबडे नेत नाही. हे त्यानेच सगळ्यांना शिकवले होते आणि त्या दिवशी तोच विसरला. सादेच्या रोखाने दबकत आलेल्या कुणाला तरी पानांत तांबडे हललेले दिसले. बार झाला, मग पळत जाणारी पावले. जवळ कुणी आले नाही. झाडे चाचपत वर्ल एकटाच ओढ्यापर्यंत आला.

दवाखान्यात सगळे भेटायला आले आणि प्रत्येकाने पहिल्यांदा विचारले, झाले कुठे? डॉयल प्रेटरही आला. टेकडीपलीकडचा, वर्लनेच शिकवलेला, आता चाळिशीला आलेला. बायकोने केलेला केक घेऊन आला, टोपी हातात फिरवत बसला. दुखते का विचारले, जेवण जाते का विचारले, गाईचीसुद्धा चौकशी केली. कुठे झाले, एवढे मात्र विचारले नाही. लिओटाने ते मनात ठेवले. न विचारलेला प्रश्न कुणी पुरावा म्हणून धरत नाही, हे तिला कळत होते.

म्हणून तिला पुरावा नकोच होता. डॉयलने पुन्हा एकदा त्याच रुमालावर बार काढावा, आणि धूर विरायच्या आत आपण झाडामागून उठून उभे राहावे. गेल्या वेळी तो न बघता पळाला होता. या वेळी त्याचे तोंड तिला बघायचे होते. बाकीचे बोलणे रविवारी, चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर.

पहिल्या पहाटे ती बसल्याबसल्या झोपली होती. दुसऱ्या पहाटे दात असे वाजले की साद फुटेना. मग ती दिवस मावळायच्या आत अंथरुणावर पडू लागली, पोटभर खाऊन निघू लागली, आणि कोरडे मोजे तिथे पोहोचल्यावरच पायांत घालू लागली.

आजही तिने तसेच केले. ओकचे खोड कोठाराच्या दारापेक्षा रुंद होते आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ते दुभंगलेले होते. त्या फटीतून पलीकडचे दिसत होते. पलीकडच्या अंगाला तिने काटकीवर रुमाल अडकवला, त्याला दोरी बांधली आणि खोडामागे येऊन बसली. पाय गरम होते. डोके स्वच्छ होते.

पावसात नर सहसा गप्प असतो. त्यामुळे अशा पहाटे साद ऐकली की शिकाऱ्याला राहवत नाही. त्यातून हंगाम संपत आला होता आणि डॉयलला एकही टर्की मिळाला नव्हता. दुकानातली मंडळी त्याला म्हणत होती, यंदा बटाटेच सोलून बस.

उजाडता उजाडता तिने साद घातली. थांबली. पुन्हा घातली.

बऱ्याच वेळाने काठाच्या झुडपांतून डॉयल वर आला. चिखलाने माखलेला, डोळे ओढलेले. त्याला तांबडे दिसले. बंदूक खांद्याला लागली. लिओटाने दोरी किंचित ओढली. रुमाल हलला.

मार, ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

पानांवरून पाणी गळत राहिले. बंदुकीची नळी हळूहळू खाली आली. त्याने बंदूक उघडली, काडतुसे काढून खिशात टाकली.

"कोण आहे तिकडं?"

लिओटा खोडाला चिकटून राहिली.

"वर्लकाका?" त्याने बाहीने तोंड पुसले. "तुम्हीच आहात ना? सादेच्या शेवटची ती उचकी दुसऱ्या कुणाला जमत नाही."

तिच्या हातातली दोरी ढिली पडली. इतकी वर्षे त्या गळ्याशेजारी राहून उचकीही आपल्याला लागली, हे तिच्या कधी लक्षातच आले नव्हते.

"काका," डॉयल म्हणाला, "या खेपेला मी आधी हाक मारतोय."

जे तोंड बघायला ती आली होती ते फटीपलीकडे होते. कुंपणावर बसलेल्या पोरासारखे, चुकले की बरोबर आले याची वाट बघणारे. वर्षभर घोकलेली वाक्ये तिला पाठ होती. पाय बधिर झालेले नव्हते. तरी ती उठली नाही.

डॉयल ओंडक्यावर बसला. त्याच्याजवळ खायला काही दिसत नव्हते. थोड्या वेळाने त्याने हात काखेत घातले आणि तो कुडकुडू लागला. लिओटाने खिशातून अंडे काढले, आवाज न करता सोलले आणि सावकाश खाल्ले. मग दुसरे. मग पाव. तिच्याजवळ दुपारपर्यंत पुरेल इतकी ऊब होती. मध्ये त्याने पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. शेवटी उठला, रुमालाकडे बघून टोपी काढली आणि ओढा उतरून गेला.

ती घरी आली तेव्हा वर्ल शेगडीपाशी बसला होता.

"मिळाला?"

"जवळ आला होता."

ती ओले मोजे दांडीवर टाकत होती.

"हाक मारली का त्यानं?"

तिचा हात थांबला.

"कुणी?"

"अगं, आठवडाभर पडल्यापडल्या ऐकतोय. माझीच साद मला कळणार नाही होय? शेवट जरा लांबवतेस तू, बाकी बरी येते."

लिओटाने मोजे पिळले. पाणी शेगडीवर पडून चरचरले.

"मारली," ती म्हणाली.

"आधी?"

"बंदूक रिकामी करून."

वर्लने तोंड खिडकीकडे वळवले. तिथला उजेड तेवढा त्याला कळत असे.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. थंडीनं काळानिळा होईपर्यंत बसू दिला."

"बरं केलंस," तो म्हणाला. हात शेगडीवर धरले. मग म्हणाला, "उद्याही यायचा तो. अंडी उकडशील तेव्हा एक जास्त टाक."

ते कुणासाठी, हे तिने विचारले नाही. संध्याकाळी तिने पातेल्यात रोजची दोन अंडी सोडली. तिसरे हातात घेऊन ती शेगडीसमोर उभी राहिली. पाणी उकळायला लागले, तरी उभीच होती.